कुत्र्याला चावलेला डास आणि आपला हत्तीपाय: खरं काय, गैरसमज काय?

मागच्या पावसाळ्यात आठवीच्या वर्गात डासांमुळे होणाऱ्या आजारांचा धडा चालू होता. मलेरिया झाला, डेंग्यू झाला, हत्तीरोगावर आलो. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, हमारी गली में कुत्ते बहुत हैं. कुत्ते को काटा हुआ मच्छर हमको काटे तो हाथीपाँव होता है ना?" वर्गातल्या अर्ध्या मुलांनी माना डोलावल्या. त्यांच्या घरी हेच सांगितलं जातं. गल्लीत कुत्रा दिसला की ही मुलं दगड का उचलतात, तेही मला त्या दिवशी कळलं.

मी तेव्हा "नाही" एवढंच म्हणालो आणि धडा पुढे नेला. पण प्रश्न मनात राहिला, कारण मुलगा पूर्ण चुकीचा नव्हता. डासातून पसरणारे जंत कुत्र्यालाही होतात आणि माणसालाही. फक्त ते एकाच जातीचे नसतात. आपण दोष कुत्र्यावर टाकतो तेव्हा खरं कारण नजरेआड होतं. ते कारण आपल्या घरामागच्या नालीत आहे आणि आपण न गिळलेल्या गोळीत आहे.

हत्तीरोग म्हणजे नेमकं काय?

उर्दूत आपण याला फीलपा म्हणतो. जुने अरबी हकीम याला 'दाउल-फील', म्हणजे हत्तीचा आजार म्हणायचे. इब्न सीना (९८०-१०३७) यांच्या 'अल-कानून' या ग्रंथातही पायाच्या या आजाराचं वर्णन येतं. आजार हजार वर्षांहून जुना आहे. तो कशामुळे होतो, हे मात्र दीडशे वर्षांपूर्वीच कळायला लागलं.

हत्तीरोगाचं कारण आहे एक बारीक, दोऱ्यासारखा जंत. त्याचं शास्त्रीय नाव वुचेरेरिया बॅन्क्रॉफ्टी. मादी ८ ते १० सेंटिमीटर लांब असते, नर त्याच्या निम्मा. हे जंत आपल्या लसीकावाहिन्यांत राहतात. रक्तवाहिन्यांसारखंच शरीरात नळ्यांचं आणखी एक जाळं असतं. पेशींमधलं जास्तीचं पाणी गोळा करून परत रक्तात सोडणं हे त्याचं काम. शरीराची नालीच म्हणा ना. जंत तिथे पाच ते आठ वर्षं मुक्काम करतात आणि नळ्या खराब करतात. नाली तुंबली की पाणी साचतं, तसं पायात, हातात किंवा पुरुषांच्या अंडकोषात पाणी साचतं. पायाला सूज आली की हत्तीपाय, अंडकोषात पाणी भरलं की हायड्रोसील.

मादी लाखो सूक्ष्म पिल्लं रक्तात सोडते. त्यांना मायक्रोफायलेरिया म्हणतात. ही पिल्लं दिवसा फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री अंगभरच्या रक्तात उतरतात. साधारण रात्री १० ते २ या वेळेत त्यांची संख्या सर्वांत जास्त असते. आपल्याकडचा क्युलेक्स डासही रात्रीच चावतो. म्हणून तर आरोग्य खात्याची माणसं रात्री साडेआठ-नऊनंतर रक्ताचा थेंब घ्यायला दारात येतात. "ये कौनसा टाइम है?" म्हणून आपण त्यांच्यावर चिडतो. पण दिवसा घेतलेल्या थेंबात पिल्लू सापडणं अवघड असतं. बिचाऱ्यांची रात्रपाळी आपल्यासाठी असते.

डासाच्या पोटातले दोन आठवडे

पॅट्रिक मॅन्सन नावाच्या डॉक्टरांनी १८७७ साली चीनच्या आमॉय बंदरात पाहिलं की माणसाच्या रक्तातली ही पिल्लं डासाच्या पोटात वाढतात. पण त्यांना वाटलं, डास पाण्यात मरतो आणि ते पाणी प्यायल्याने आजार होतो. खरा रस्ता १९०० साली समजला. लंडनमध्ये जॉर्ज लो यांना माणसाच्या जंताची पिल्लं डासाच्या सोंडेत सापडली. त्याच वर्षी इटलीत ग्रासी आणि नोए यांनी कुत्र्याच्या हृदयातल्या जंताबद्दल दाखवलं की तोही डासाच्या दंशातूनच पसरतो. म्हणजे माणूस आणि कुत्रा, दोघांच्या जंतांचं कोडं एकाच वर्षी सुटलं.

डास रक्त पितो तेव्हा पिल्लं त्याच्या पोटात जातात. तिथे १० ते १४ दिवसांत त्यांची वाढ होते. मग डास पुन्हा चावायला बसला की ती त्याच्या सोंडेतून आपल्या त्वचेवर उतरतात आणि दंशाच्या छिद्रातून आत शिरतात.

इथे मलेरियाशी एक मोठा फरक आहे. मलेरियाचे जंतू डासाच्या पोटात वाढून हजारो होतात. हत्तीरोगाची पिल्लं तशी वाढत नाहीत. जेवढी आत गेली त्यातली थोडीच तयार होतात. म्हणून एकदोन दंशांनी हत्तीरोग सहसा होत नाही. महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं असे डास चावत राहिले की तो होतो. लागण बहुतेक वेळा लहानपणी होते आणि सूज मोठेपणी दिसते. आज वर्गात बसलेल्या मुलाच्या अंगात जंत असेल, तर ते कदाचित त्याच्या लग्नानंतर कळेल.

मग कुत्र्यांचं काय?

आता त्या मुलाच्या प्रश्नाचं नीट उत्तर.

वुचेरेरिया हा जंत माणसाचाच. तो कुत्र्यात राहत नाही. कुत्र्याला चावून आलेला डास आपल्याला चावला तर त्यातून हत्तीपाय होत नाही. महाराष्ट्रातला हत्तीरोग याच जंताचा आहे. ब्रुगिया मलायी नावाचा दुसरा एक जंत मांजर-कुत्र्यातही राहू शकतो, पण आपल्या देशात तो मुख्यतः केरळच्या किनारपट्टीवर आढळतो.

कुत्र्यांचे जंत वेगळे. एक आहे डायरोफिलारिया इमिटिस, म्हणजे हृदयातला जंत. त्याची मादी २५ ते ३० सेंटिमीटर लांब होते, जवळजवळ आपल्या शाळेच्या फूटपट्टीएवढी. तो कुत्र्याच्या हृदयात आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत राहतो. कुत्रा खोकतो, लवकर थकतो, वाळत जातो, कधी पोटात पाणी भरतं. भारतात हा जास्त करून ईशान्येकडच्या राज्यांत आढळतो. दुसरा डायरोफिलारिया रिपेन्स. तो कुत्र्याच्या कातडीखाली राहतो. देशाच्या बऱ्याच भागांत तो सापडतो, मुंबईच्या कुत्र्यांतही सापडला आहे.

हा रिपेन्स कधीकधी डासामार्फत माणसात येतो. केरळ, कर्नाटक, आसाम अशा राज्यांतून असे रुग्ण नोंदले गेले आहेत. त्वचेखाली एखादी गाठ येते, किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागावर दोऱ्यासारखं काहीतरी वळवळताना दिसतं. पाहणारा घाबरून जातो. पण माणसाच्या शरीरात हा जंत सहसा वंश वाढवू शकत नाही. डॉक्टर छोट्या शस्त्रक्रियेने तो काढतात आणि माणूस बरा होतो. त्याने पाय सुजत नाही आणि तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातही नाही. असं काही दिसलं तर घरी ओढाताण करू नका, नेत्रतज्ज्ञाकडे जा.

म्हणजे कुत्रा आपल्यासारखाच डासाचा बळी आहे. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजल्याबद्दल अल्लाहने बंद्याला माफ केलं, ही हदीस आपण मुलांना सांगतो. तीच मुलं हत्तीपायाच्या भीतीने कुत्र्याला दगड मारत असतील, तर समजावण्यात आपणच कमी पडलो. ज्यांच्याकडे राखणीला किंवा शेतावर कुत्रा आहे, त्यांनी पशुवैद्यकाकडून त्याची रक्ततपासणी करून घ्यावी.

गोंदियात हा आजार का टिकला?

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. जिल्ह्याची हद्द बदलली, हत्तीरोग मात्र दोन्हीकडे राहिला. नागपूर, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली ही नावंही हत्तीरोगाच्या यादीत जुनीच. वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत या आजारावर अनेक वर्षं संशोधन झालं, ते उगाच नाही.

आपल्याकडे पाणी बघितलं की लोक तलावाला आणि धानाच्या बांधीला दोष देतात. बांधीतही डास होतात, पण ते बहुतेक दुसऱ्या जातींचे. हत्तीरोग पसरवणाऱ्या क्युलेक्सला आवडतं घाण पाणी: तुंबलेली नाली, मोरीचा खड्डा, संडासाची उघडी टाकी. म्हणजे डासाचा कारखाना शेतात नाही, आपल्या घराच्या मागच्या भिंतीला लागून आहे. मशिदीच्या वजूखान्याचं पाणी जिथे जाऊन साचतं, ती जागाही एकदा डोळे उघडे ठेवून बघा.

यासाठी मोठा खर्च लागत नाही. संडासाच्या टाकीच्या पाइपच्या तोंडाला जाळी किंवा जुनं मलमलचं कापड बांधा. घरासमोरची नाली आठवड्यातून एकदा वाहती करा. जिथे पाणी काढताच येत नाही तिथे जळकं ऑइल टाका. कायम पाणी असलेल्या हौदात, टाक्यात गप्पी मासे सोडा. झोपताना मच्छरदाणी लावा, लहान मुलांना आधी तिच्यात झोपवा. कुत्र्याचे जंत पसरवणारे काही डास स्वच्छ पाण्यात वाढतात आणि दिवसाही चावतात. म्हणून कूलर, रांजण, टायर आठवड्याला कोरडे करा. त्याने डेंग्यूलाही आळा बसतो.

दराजातली गोळी

आता माझी स्वतःची कबुली. काही वर्षांपूर्वी आशाताई घरी आल्या, गोळ्या दिल्या. मी म्हणालो, "जेवण झाल्यावर घेतो, तुम्ही नाव लिहा." त्यांनी रजिस्टरमध्ये टिक केली. मी गोळ्या कपाटाच्या दराजात टाकल्या. दुसऱ्या वर्षी त्या तशाच सापडल्या. मुलांना आरोग्य शिकवणारा मी, आणि माझ्या नावापुढे खोटी टिक. मला काही झालेलं नाही, मग औषध कशाला, असाच विचार मी केला होता.

हाच विचार या आजाराला जिवंत ठेवतो. ज्याचा पाय सुजला आहे, त्याच्या रक्तात बरेचदा पिल्लं उरलेलीच नसतात. पिल्लं असतात ती धडधाकट दिसणाऱ्या माणसात: जो रोज मिलमध्ये पोती उचलतो, क्रिकेट खेळतो, शाळेत शिकवतो. त्याला काहीच त्रास नसतो, पण त्याला चावलेला डास शेजारच्या लेकराकडे जंत घेऊन जातो. म्हणून गोळी सगळ्यांनी घ्यायची असते, आजाऱ्याने तेवढी नाही.

देशात राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम १९५५ साली सुरू झाला. २००४ पासून हत्तीरोगाच्या जिल्ह्यांत वर्षातून एकदा घरोघरी गोळ्या देणं सुरू झालं. आधी डीईसी ही एकच गोळी होती, मग तिच्यासोबत अल्बेंडाझोल आली. २०१८ पासून काही जिल्ह्यांत तिसरी गोळी जोडली गेली, आयव्हरमेक्टिन. आपल्या शेजारचं नागपूर त्या पहिल्या जिल्ह्यांत होतं.

आयव्हरमेक्टिनचं नाव ऐकून काही लोक म्हणतात, "ये तो जानवर की दवा है." अर्धं खरं आहे. हे औषध आधी जनावरांसाठी आलं. कुत्र्यांना हृदयातल्या जंतापासून वाचवायलाही ते देतात. जपानच्या मातीतल्या एका सूक्ष्म जिवापासून ते तयार झालं. त्यासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेल मिळालं. १९८७ पासून माणसांतल्या जंतांच्या आजारांसाठी ते जगभर वापरलं जातं. मात्र जनावरांच्या दुकानातलं औषध स्वतःच्या मनाने कधीही घेऊ नका. त्याचं प्रमाण वेगळं असतं आणि ते माणसाच्या जिवावर बेतू शकतं.

दुसरी अफवा: या गोळ्यांनी नसबंदी होते. पोलिओच्या वेळीही हेच ऐकलं होतं. या गोळ्यांचा मूल होण्याशी काही संबंध नाही. शेजारच्या वस्तीत, गावात, सर्व धर्मांच्या घरांत त्याच डब्यातल्या गोळ्या वाटल्या जातात.

गोळी घेताना

रिकाम्या पोटी घेऊ नका; काहीतरी खाऊन घ्या. आरोग्य कर्मचाऱ्यासमोरच गिळा. अल्बेंडाझोल चावून खायची असते. डीईसीच्या गोळ्या वयाप्रमाणे मिळतात: २ ते ५ वर्षं एक, ६ ते १४ वर्षं दोन, १५ आणि पुढे तीन. आयव्हरमेक्टिन उंची मोजून देतात आणि पाच वर्षांखालील मुलांना देत नाहीत. दोन वर्षांखालची बाळं, गर्भवती आणि गंभीर आजारी माणसांनी या गोळ्या घ्यायच्या नाहीत. बाळंत होऊन आठवडा झाला नसेल तर आयव्हरमेक्टिन चालत नाही. बीपी-शुगरची रोजची औषधं चालू आहेत एवढ्यावरून नकार देऊ नका, कर्मचाऱ्याला सांगून विचारा.

काहींना गोळीनंतर ताप, डोकेदुखी, मळमळ, खाज येते. बहुतेकदा हे रक्तातली पिल्लं मरत असल्याचं लक्षण असतं आणि एकदोन दिवसांत थांबतं. जास्त वाटलं तर दवाखान्यात जा. गोळीने पिल्लं मरतात, पण मोठे जंत सगळे मरत नाहीत. म्हणून एका वर्षी घेऊन भागत नाही, फेरी येईल त्या प्रत्येक वर्षी घ्यावी लागते.

रमजानचा मुद्दा

भारताने २०२७ पर्यंत हत्तीरोग संपवण्याचं लक्ष्य ठेवलं आहे. देशात या मोहिमेच्या फेऱ्या १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टपासून होतात. २०२७ मध्ये रमजान फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होण्याचा अंदाज आहे. म्हणजे जिथे फेब्रुवारीची फेरी असेल, तिथे आशाताई दुपारी येतील आणि आपण रोजात असू. "रोजा है" म्हणून दार लावलं की त्या वर्षाची गोळी गेली.

याचा बंदोबस्त सोपा आहे. मोहल्ला कमिटीने आधीच प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा शहरातल्या आरोग्य केंद्राला कळवावं की आमच्या वस्तीत इफ्तारनंतर या. मशिदीबाहेर, मदरशात किंवा शाळेच्या ओट्यावर तराबीहनंतर तासभर बूथ लावता येईल. पोट भरलेलं असतं, घरचे पुरुष आणि तरुण मुलं एकत्र सापडतात. बायकांसाठी घरी यायला आशाताई आहेतच. इमाम साहेबांनी जुमाच्या दिवशी दोन मिनिटं यावर बोललं, तर माझ्या दहा तासिकांपेक्षा जास्त काम होईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने एकूण लोकसंख्येतल्या किमान ६५ टक्के लोकांनी खरोखर गोळी गिळली, तरच फेरी कामाची ठरते. रजिस्टरमधली टिक त्यात धरता येत नाही.

हे होण्यासारखं आहे. मालदीव आणि श्रीलंका २०१६ साली यातून मुक्त झाले, बांगलादेश २०२३ साली. इजिप्त आणि येमेननेही हे करून दाखवलं. त्यांच्याकडेही नाल्या होत्या, गरिबी होती, रमजान होता.

ज्यांचा पाय आधीच सुजला आहे

माझे बडे मामू वीस वर्षं सुजलेला पाय घेऊन जगले. शेवटची काही वर्षं त्यांनी मशिदीत जाणं सोडलं. पायाला वास येतो, सफमधले लोक सरकतात, असं ते म्हणायचे. हा वास हत्तीरोगाचा नव्हता. बोटांच्या बेचक्यात ओल राहून बुरशी आणि जखमा झाल्या होत्या. तिथून जंतू आत शिरतात, ताप येतो, पाय लाल होतो आणि प्रत्येक वेळी सूज आणखी वाढते. आम्हाला हे कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही.

उपाय साधा आहे. रोज साध्या पाण्याने आणि साबणाने पाय हलक्या हाताने धुवा. वजूमध्ये आपण बोटांत खिलाल करतो, तसंच प्रत्येक बेचकं धुवा. मग स्वच्छ मऊ कापडाने टिपून कोरडं करा. हे कोरडं करणंच आपण विसरतो. जखमेला डॉक्टरांनी दिलेलं मलम लावा. बसताना पाय स्टुलावर, झोपताना उशीवर घ्या. घोट्याचा हलका व्यायाम करा, सैल चप्पल घाला, अनवाणी फिरू नका. डाग देणं, चिरा देणं, गरम शेक देणं टाळा. ताप येऊन पाय लाल झाला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

हायड्रोसीलबद्दल तर आपल्याकडे कुणी तोंडच उघडत नाही. पुरुष सैल कुडत्यात दहा-बारा वर्षं लपवतात, काम सोडतात, पण बायकोशीही बोलत नाहीत. ही लाजेची गोष्ट नाही. साध्या शस्त्रक्रियेने ते बरं होतं आणि सरकारी रुग्णालयात ती मोफत होते. एखाद्याने तुम्हाला विश्वासाने सांगितलं तर हसू नका, त्याच्यासोबत रुग्णालयात जा.

त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं केलं आणि पूर्ण उत्तर दिलं. त्याने विचारलं, "सर, फिर आप गोली खाए थे?" वर्ग हसला. यंदा मी आशाताईंसमोर, जेवून, पाण्याचा ग्लास हातात घेऊन गोळ्या गिळल्या आणि वर्गात तसं सांगितलं. अल्लाह आपल्या लेकरांना या आजारापासून महफूज ठेवो. दुआ आपण मागूच, आणि पुढच्या फेरीत दराज उघडण्याऐवजी तोंड उघडू.